शेवटच्या रांगेतून दिसणारा चेहरा

रेडिओवर रंगभूषेविषयी बोलायचं म्हणजे गंमतच आहे. बोलणाऱ्याचा चेहरा ऐकणाऱ्याला दिसत नाही आणि ऐकणाऱ्याचा बोलणाऱ्याला. तरी हा विषय मी मुद्दाम घेतला. धान कापून झालं, दिवाळी आटोपली, की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्र-रात्र नाटकं चालतात. इकडे कॉलेजांमधली मुलं एकांकिका स्पर्धांच्या तयारीला लागलेली असतात. अशा मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठीही आजचं हे बोलणं आहे.

मी रंगभूषाकार नव्हे. मराठीत कविता लिहितो, बी.ए.लाही मराठीच घेतलं होतं. भंडारा जिल्ह्यातली मुलं एकांकिका बसवायला लागली, की संवाद तपासायला मला बोलावतात. संवाद तपासता तपासता तालीम पाहतो आणि तालीम पाहता पाहता आरशासमोर बसलेली मुलंही पाहतो. वीसेक वर्षं हे चाललं आहे. त्यात जे दिसलं आणि जाणत्या माणसांना विचारून जे पक्कं केलं, तेवढंच सांगतो.

स्पर्धेची तयारी कशी होते ते पाहा. संहितेवर महिना-दोन महिने काथ्याकूट होतो. नेपथ्यासाठी बांबू, पोती, खाटा गोळा होतात. संगीतासाठी कोणीतरी रात्री जागतं. रंगभूषा मात्र प्रयोगाच्या दिवशी दुपारी आठवते. मग कोणाच्या तरी ताईच्या लग्नातला मेकअपचा डबा येतो आणि नायिकेपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडाला एकच लेप बसतो. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य आणि प्रकाशयोजनेसारखं रंगभूषेलाही वेगळं पारितोषिक असतं, म्हणजे जाणकारांनी तिला स्वतंत्र कला मानलेलं आहे. आपण मात्र तिला पावडर समजतो.

रंगभूषा लागते कशासाठी? मंचावर दिवे समोरून आणि वरून पडतात. त्या उजेडात नाकाची, गालाची, भुवईची सावली पुसली जाते आणि चेहरा ताटासारखा सपाट दिसतो. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला डोळे कुठे आहेत तेही नीट कळत नाही. पुसल्या गेलेल्या या खुणा रंगानं परत मांडायच्या, हे पहिलं काम. त्या चेहऱ्याचं वय, त्याचं काम, त्यानं सोसलेलं ऊन दाखवायचं, हे दुसरं काम. गोरं करणं या दोन्ही कामांत कुठेच बसत नाही.

मग गोरं करण्याची ही सवय आली कुठून? तिचं मूळ जुन्या उजेडात आहे. आपल्याकडची दंडार आणि खडी गंमत घ्या. बायकांच्या भूमिका पुरुष करत आणि खेळ रंगत टेंभ्यांच्या, पुढे गॅसबत्तीच्या उजेडात. त्या पिवळ्या, हलत्या, अपुऱ्या उजेडात चेहरा उठून दिसावा म्हणून पांढरट-पिवळा लेप लावणं गरजेचं होतं. सफेदा, मुरदाडशिंग, काजळ आणि कुंकू एवढ्यावर पात्रं उभी राहत. तिकडे युरोपातही गॅसच्या दिव्यांच्या काळात, १८७३ साली, बर्लिनमध्ये लुडविग लाइश्नर यांनी तेलकट रंगाच्या कांड्या बाजारात आणल्या. पुढे मॅक्स फॅक्टरचा पॅनकेक १९३०च्या दशकाच्या अखेरीस रंगीत सिनेमासाठी तयार झाला. म्हणजे उजेड बदलला तसा रंग बदलत गेला. आज सभागृहांत हॅलोजन आणि एलईडीचे झगझगीत दिवे आहेत. टेंभा विझला, पण टेंभ्यासाठी लावलेला लेप अजून उतरलेला नाही.

म्हणून रंगभूषेचा आराखडा करताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो, उजेडाचा असतो. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाशेजारी बसा आणि कोणत्या प्रवेशात कोणता रंग पडणार ते लिहून घ्या. लाल उजेडात गालावरची लाली नाहीशी होते. हिरव्या किंवा निळ्या उजेडात तीच लाली काळपट डागासारखी दिसते आणि तरुण मुलगी आजारी वाटू लागते. पिवळ्या-नारिंगी उजेडात फिकट पिवळे रंग विरून जातात. ट्यूबलाइटखाली आरशात सुंदर दिसलेला चेहरा मंचावर भलताच दिसतो, तो यामुळेच. एकदा तरी तालमीत रंग लावून, खऱ्या दिव्यांखाली उभं करून, शेवटच्या रांगेतून पाहायला हवं. सभागृह मिळालं नाही, तर शाळेच्या पटांगणात पन्नास पावलांवरून पाहिलं तरी चालेल.

आता प्रत्यक्ष आराखड्याकडे येऊ. एक एकांकिका कल्पनेनं समोर ठेवतो. विषय आपल्याच जिल्ह्यातला, गोसीखुर्द धरणाचा. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या या प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. समजा, पहिला प्रवेश त्या वर्षीचा आहे आणि दुसरा वीस वर्षांनंतरचा. बुडणाऱ्या गावातली ढीवर समाजाची एक आई पहिल्या प्रवेशात चाळिशीची, दुसऱ्यात साठीची. तिचा मुलगा तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत कामाला गेलेला. गाव सोडताना ती घरची पितळेची भांडी मोडीत काढते. ती विकत घेणारे भंडाऱ्याचे करीमभाई. आणि नोटीस घेऊन आलेला एक सरकारी अधिकारी. सगळी पात्रं अठरा ते बावीस वर्षांची मुलं करणार.

कोऱ्या कागदावर प्रत्येक पात्राचा एक तक्ता करा. पात्राचं वय किती? काम कोणतं? दिवसातला किती वेळ उन्हात जातो? प्रवेश कोणत्या ऋतूतला? पात्र थकून आलंय की झोपून उठलंय? दोन प्रवेशांमध्ये काय बदलतं आणि तो बदल करायला किती मिनिटं मिळतात? शेजारी चेहऱ्याची साधी बाह्यरेषा काढा आणि सावली कुठे, उजळ रंग कुठे, रेघ कुठे ते रंगीत पेन्सिलीनं दाखवा. चित्रकला यायलाच हवी असं नाही. हा कागद हाती असला, की ऐन वेळी दुसऱ्या कोणालाही त्यावरून काम करता येतं.

तक्ता भरताना बाहेर जाऊन माणसं पाहावी लागतात. चिखल्याची खाण भूमिगत आहे आणि त्याच तालुक्यातली डोंगरी बुजुर्गची खाण उघडी. उघड्या खाणीतला कामगार उन्हानं रापलेला असतो. जमिनीखाली काम करणाऱ्याच्या तोंडावर ऊन नसतं. घामात कालवलेली धूळ असते. ती सगळीकडे सारखी बसत नाही. पापण्यांवर, नाकपुड्यांच्या कडेला, मानेच्या वळ्यांमध्ये साचते. टोपीखालचं कपाळ स्वच्छ राहतं आणि तिथे एक आडवी रेघ उमटते. खाणकामगार म्हणून गालावर काळे पट्टे ओढले, तर तो होळीहून आलेला दिसतो. कपाळावरची ती एक रेघ मात्र प्रेक्षकाला सगळं सांगते.

आईचं पाहा. नदीवर जन्म गेलेल्या बाईला पाण्यावरून परतणारं ऊन लागतं. डोळे बारीक करण्याची सवय लागते आणि कोपऱ्यांत रेघा पडतात. चाळिशीच्या प्रवेशात तेवढ्याच रेघा पुरेत. वीस वर्षांनंतर डोळ्यांच्या खोबण्या, नाकापासून ओठांकडे उतरणारी घडी, कानशिलं आणि गळा, एवढ्या जागी सावली द्यायची. रेघ कुठे काढायची हे त्या मुलीचाच चेहरा सांगतो. तिला कपाळाला आठ्या घालायला सांगा, डोळे मिचकावायला सांगा, हसायला सांगा. कातडी जिथे दुमडते तिथेच रेघ. प्रत्येक गडद रेघेशेजारी थोडा उजळ रंग आणि दोन्हींच्या कडा बोटानं विरवून घ्यायच्या. गडद रंग खोलगट दाखवतो, उजळ रंग उंचवटा दाखवतो. रंगभूषेचं निम्मं शास्त्र या एका वाक्यात आलं. नुसत्या काळ्या रेघा ओढल्या, तर म्हातारीच्या जागी नकाशा तयार होतो.

केसांत टाल्कम पावडर घालू नका. पात्रानं मान हलवली, की दिव्यात धूर उडतो आणि रडण्याच्या प्रसंगात प्रेक्षक हसतात. पाण्यात निघणारा पांढरा रंग जुन्या टूथब्रशनं कानशिलांपासून मागे ओढला, की केस पिकल्यासारखे दिसतात. आणि हात विसरू नका. चेहरा साठीचा आणि हात एकोणीस वर्षांचे, हा स्पर्धेत नेहमी दिसणारा प्रकार आहे. विड्या वळणाऱ्या एका आजींना मी एकदा काही मुलींसमोर नेऊन बसवलं होतं. म्हातारपण कसं दाखवायचं, असं मुलींनी विचारलं. त्या म्हणाल्या, “म्हातारपन आधी कंबरंत येते बापू, तोंडावर मागून.” माझ्या मते रंगभूषेचा आणि अभिनयाचा सांधा त्या बाईंनी एका वाक्यात सांगितला.

कमीत कमी रंगात माणूस किती बदलतो, याचं मराठीतलं ठळक उदाहरण म्हणजे १९६२ साली रंगभूमीवर आलेलं आचार्य अत्रे यांचं ‘तो मी नव्हेच’. प्रभाकर पणशीकर त्यात निपाणीच्या लखोबा लोखंडेसह पाच रूपांत येत. रंगमंच फिरता होता, प्रवेश भराभर पुढे सरकत, चेहरा नव्यानं रंगवत बसायला उसंत कुठली! अशा ठिकाणी टोपी, मिशी, चष्मा आणि त्यांच्याबरोबर बदलणारी चाल व आवाज यांवरच सारी मदार असते. आपल्या एकांकिकेत दोन प्रवेशांमध्ये आईला दोन मिनिटंच मिळणार असतील, तर आराखडा तसाच हवा: पहिल्या प्रवेशाचा रंग असा निवडायचा, की त्यावर फक्त भर घालून दुसरा साधेल, काही पुसावं लागणार नाही.

आता जरा अवघड गोष्टीकडे वळतो. आपल्या भागातली बहुतेक मुलं सावळी किंवा काळी आहेत. त्यांच्या तोंडावर गोऱ्या छटेचा पॅनकेक चढवला, की चेहरा राखाडी दिसतो. मान वेगळी, कान वेगळे, मधे एक मुखवटा. बेसची छटा जबड्याजवळ लावून पाहावी. जी मानेच्या रंगात मिसळून जाते ती आपली. सावळ्या चेहऱ्यावर उजळपणा हवा असेल तर पांढऱ्याऐवजी सोनेरी किंवा गेरूकडे झुकणारा रंग घ्यावा. सावलीसाठी फिकट तपकिरी कामाचा नाही, तिथे जांभळट-तपकिरी गडद रंग लागतो. हे रंग बाजारात मिळतात, मागावे मात्र लागतात.

पण अडचण फक्त दुकानातली नाही. एकाच संघात मी दोन्ही गोष्टी होताना पाहिल्या आहेत. नायिकेचं काम करणाऱ्या सावळ्या मुलीला दोन हात पांढरा लेप लावला जात होता आणि शेजारच्या खुर्चीवर मजुराचं काम करणाऱ्या गोऱ्या मुलाला काळं केलं जात होतं. कोणाच्याही मनात वाईट काही नव्हतं. नायिका गोरी, मजूर काळा, आदिवासी त्याहून काळा, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ज्या मुलीचे आईवडील खरंच मजुरी करतात, तिनं आरशात हे पाहिलं तर काय समजावं? आपली समाजातली उतरंड अशी गुपचूप रंगाच्या पेटीत येऊन बसते.

हेच करीमभाईंच्या बाबतीत होतं आणि इथे मी मुसलमान म्हणून थोडं हक्कानं बोलतो. संहितेत मुसलमान पात्र आलं, की आराखड्याआधीच वस्तू ठरलेल्या असतात: जाळीची टोपी, डोळ्यांत ढीगभर सुरमा, चौकड्यांची लुंगी आणि क्रेपची दाढी. माझे वडील रोज सकाळी दाढी करत. टोपी नमाजाच्या वेळी खिशातून निघे. सुरमा आमच्या घरी ईदला आणि लहान मुलांच्या डोळ्यांत. दाढी ठेवणारे, लुंगी नेसणारे अनेक आहेतच, त्यात गैर काही नाही. पण पात्राला दाढी द्यायची की नाही, हे त्या माणसाच्या वयावरून, स्वभावावरून, धंद्यावरून ठरावं. भंडाऱ्याचं नाव भांड्यांसाठी पितळनगरी म्हणून घेतलं जातं. तेव्हा बाजारात जाऊन भांड्यांचा व्यापारी पाहा. जुनं पितळ दिवसभर उलटंपालटं करणाऱ्याच्या बोटांवर काळपट डाग बसतात. तराजूचा काटा रोखून पाहणाऱ्याच्या भुवईत एक आठी असते. करीमभाईंना ते डाग आणि ती आठी द्या. आईची भांडी तोलताना त्यांचे हात किंचित थांबले, तर ते कोणत्या धर्माचे हे सांगायला सुरम्याची गरज पडणार नाही. त्यांचं नाव संवादात आहेच.

आता सुरक्षेचं. जुन्या पेटीतलं मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. ही भुकटी श्वासातून आणि ओठांवाटे पोटात जाते, आणि शिसं शरीरात साठून मज्जासंस्थेला, मूत्रपिंडाला इजा करतं. परंपरा म्हणून या वस्तू वापरू नयेत. पोस्टर कलर, ऑइल पेंट, कागद चिकटवायचा गोंद हे सगळं चेहऱ्यासाठी नाही. दाढी-मिशीसाठी स्पिरिट गमच घ्यावा आणि तो डोळ्यांपासून दूर ठेवावा. कोणताही नवा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. खाज किंवा लाली आली तर तो त्या मुलासाठी बाद. एकच स्पंज बारा तोंडांवर फिरवू नये. काजळाची पेन्सिल ज्याची त्याची. डोळे आलेला एक मुलगा असला, तर एका काजळानं सगळा संघ स्पर्धेऐवजी दवाखान्यात जाईल.

शेवटचा कागद वेळेचा. नऊ कलाकार आहेत, रंगवणारे दोघं आहेत आणि एकेका चेहऱ्याला बारा मिनिटं लागतात असं धरू. म्हणजे पाच फेऱ्या, पूर्ण एक तास. त्यात वेशभूषा नाही, दाढी वाळायचा वेळ नाही, रडायला लागलेल्या मुलीची समजूत घालायचा वेळ नाही. म्हणून दीड तास धरावा. दाढी-मिशीची आणि म्हातारपणाची कामं आधी, साधे चेहरे नंतर, ज्याला फार घाम येतो तो सगळ्यांत शेवटी. रंगाआधी चेहरा धुऊन बर्फाच्या फडक्यानं पुसला आणि वर हलकी पावडर दाबून बसवली, तर घामानं रंग लवकर ओघळत नाही. खर्चाचं म्हणाल, तर चार-पाच छटांचे बेस, गडद आणि उजळ दोन-दोन रंग, पावडर, स्पिरिट गम, थोडा क्रेप आणि ब्रश एवढ्यावर बहुतेक एकांकिका निघतात. दोन कॉलेजांनी मिळून पेटी केली तर आणखी बरं. फक्त ओठांच्या आणि डोळ्यांच्या वस्तू वेगळ्या ठेवाव्यात.

प्रयोग झाला, की बक्षीस मिळो न मिळो, रंग उतरवल्याशिवाय बसमध्ये चढू नका. खोबरेल तेल लावून, हलक्या हातानं पुसून, मग साबणानं धुवा. आराखड्याचे कागद जपून पुढच्या वर्षीच्या मुलांना द्या. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या या मातीतल्या नाटकाकडे सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष गेलं. या मातीची माणसं मंचावर आणायची, तर ती आपल्या खऱ्या रंगांत येऊ द्या. आणि तेल लावून रंग पुसल्यावर आरशात जो चेहरा उरतो, तो कमी आहे असं आपल्या रंगाच्या पेटीमुळे कोणत्याही मुलीला वाटता कामा नये.